भंडारदरा जलाशयाभोवती तीन दिवस पायी : वाट कोणती, दिशा कोणती?

वाटसरू_सहा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार भंडारदऱ्याला जायचे ठरते आहे. पुण्याहून सहा जण, एकच गाडी. चौघांना राजगड-तोरणा, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड एवढी सवय आहे. उरलेल्या दोघांपैकी काका ५८ वर्षांचे आहेत. चढ दमाने चढतात, पण उतारावर गुडघा जपावा लागतो. भाची १९ वर्षांची, डोंगरात पहिल्यांदाच येते आहे.

मूळ कल्पना अशी, की जलाशयाला काठाकाठाने पूर्ण फेरी मारायची. नकाशात काठाने तुटक रेषा दिसतात, त्या खरोखरच पायवाटा आहेत का? ते जमण्यासारखे नसेल, तर रतनगड किल्ला, सांदण दरी आणि घाटघरचा कडा एका सलग फेरीत कसे बसवावेत? रतनगडावर रतनवाडी गावाकडून शिड्यांनी चढून गडाच्या त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाला उतरावे, असे बहुतेक जण सांगतात. तेच बरोबर का? परतताना तिसऱ्या दिवशी कळसूबाई होईल का? मुक्काम तंबूत की गावात, पाणी किती, दोर लागेल का, हेही सांगा.

कातळमाथा

आधी काठाचे बोलू, कारण बाकीचे सगळे त्यावर ठरते. भंडारदऱ्याला काठाने सलग पायवाट नाही. नकाशातल्या तुटक रेषा म्हणजे गुरांच्या वाटा आणि भातखाचरांचे बांध. एका वाडीपासून पाण्यापर्यंत जातात आणि तिथेच संपतात.

हा नैसर्गिक तलाव नाही, प्रवरेवरच्या धरणाचा फुगवटा आहे, हे लक्षात घ्या. विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, उंची ८२ मीटरच्या आसपास, साठा सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून उतरणारा प्रत्येक ओढा या फुगवट्याला मिळतो. धरण भरलेले असताना पाणी त्या प्रत्येक ओढ्यात आत घुसते. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथे पोचायला ओढ्याच्या टोकापर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर यावे लागते. अशी वळणे एकामागून एक येतात. वर रान करवीच्या दाट झुडपांचे. डिसेंबरात करवी डोक्याएवढी, वाळत आलेली असते आणि तिच्यातून वाट काढायची म्हणजे तासाला एक किलोमीटरही पुढे सरकत नाही.

मग पाणी उतरल्यावर, एप्रिल-मेमध्ये जावे असे वाटेल. तेव्हा अडचण वेगळी. सिंचनाच्या आवर्तनांनी पाणी खाली जाते आणि उघडा पडतो तो गाळ. वरून तडे गेलेला, कोरडा ठणठणीत दिसतो, पण पाण्याच्या कडेच्या पन्नास-शंभर पावलांच्या पट्ट्यात खालचा थर ओलाच असतो. तिथे पाय घोट्यापर्यंत, कधी पिंढरीपर्यंत जातो आणि ओढताना बूट मागे राहतो. रतनवाडीच्या बाजूला फुगवट्याची शेपटी आहे, त्यामुळे तिथे असा पट्टा सगळ्यात रुंद. गुरे जिथून पाण्यावर उतरतात तिथूनच उतरा. पाउलखुणा नसलेल्या सपाट गाळावर जाऊ नका.

फेरी हवीच असेल तर ती रस्त्याने आहे : शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरते. सगळी पायी करण्यात अर्थ नाही. शनिवार-रविवारी नऊ वाजल्यानंतर गाड्यांची रीघ लागते आणि अरुंद वळणांवर चालणाऱ्याला कडेला उभे राहायलाही जागा मिळत नाही. चालण्यासारखा तुकडा एकच, रतनवाडी ते साम्रद. सकाळी लवकर निघालात तर साधारण दोन तास. डावीकडे रतनगड आणि शेजारच्या खुट्टा सुळक्याची भिंत असते आणि उजवीकडे झाडांमधून अधूनमधून पाणी दिसते. बाकीची फेरी गाडीने, आणि पायांची ताकद गडासाठी ठेवा.

पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता. पाच तास धरा. शेंडीत पेट्रोल, औषधे, दोराचे तुकडे, बॅटरीचे सेल असे काही राहिले असेल तर तिथेच घ्या. पुढे रतनवाडी-साम्रदला चहा-जेवण मिळेल, बाकी गोष्टींची खात्री धरू नका. मोबाइलची रेंजही शेंडीच्या पुढे येते-जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या.

गडवाट

रतनगडाच्या दिशेबद्दल माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. तुमच्यासोबत गुडघा जपणारे काका आणि नवखी मुलगी आहे. तुम्ही साम्रदकडून त्र्यंबक दरवाजाने चढा आणि शिड्यांनी रतनवाडीत उतरा.

कारण सांगतो. त्र्यंबक दरवाजाखालच्या पायऱ्या अखंड कातळात कोरलेल्या आहेत, पण ठिकठिकाणी फुटलेल्या. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. चढताना असा टप्पा हातांनी धरून, पोटऱ्यांच्या जोरावर निभतो. उतरताना प्रत्येक पायरीला सगळे वजन एका गुडघ्यावर येते. समोर खिंडीचा उतार उघडा दिसतो, त्यामुळे नवखा माणूस पाठ टेकवून, बसत बसत उतरू लागतो. तसे बसले की पाठीवरची पिशवी मागच्या पायरीला अडकते आणि माणूस पुढे ढकलला जातो. या पायऱ्यांवर पाय घसरतात ते बहुतेक असेच. शिड्यांचे उलट आहे. शिडीला हाताने धरायला कठडा असतो, उतरताना तोंड कातळाकडे असते, खालचे फारसे दिसत नाही. गुडघ्याला त्रास असलेल्यांना शिडी पायऱ्यांपेक्षा खूप सोपी जाते.

रतनवाडीकडून चढण्याचा फायदा एकच, वाट मळलेली आहे. साम्रदकडून निघताना मात्र गावातला माणूस सोबत घ्याच. गावामागच्या खाचरांतून आणि जंगलातून लाकूडफाट्याच्या आणि गुरांच्या इतक्या वाटा फुटतात, की पहिल्या तासातच चुकायला होते. खूण मोठी आहे. रतनगडाच्या शेजारी सुटा उभा असलेला खुट्टा सुळका, आणि तो व गड यांच्यामधली खिंड. त्या खिंडीत पोचायचे आहे. पण जंगलात शिरल्यावर सुळका झाडांआड जातो आणि नेमकी तेव्हाच वाट फुटते. वाटाड्याचे पैसे आदल्या संध्याकाळीच ठरवा. तो फक्त खिंडीपर्यंत येणार की शिड्यांपर्यंत, हेही स्पष्ट करून घ्या.

वेळेचा हिशेब असा. साम्रदहून साडेसहाला, उजाडता उजाडता निघायचे. खिंड नऊच्या सुमारास. पायऱ्यांना काकांच्या गतीने पाऊण तास ते एक तास. दहाला त्र्यंबक दरवाजात. तिथून वर नेढे. कड्याच्या कण्यात वाऱ्या-पावसाने झिजून आरपार पडलेले हे भोक चांगले ऐसपैस आहे, सहा जण आरामात बसतील. मात्र वारा त्यातून फनेलसारखा वाहतो. टोपी, मोकळे कागद, चटई हातातून सुटली की गेली. नेढ्यात बसल्यावर एका बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई, दुसऱ्या बाजूला आजोबाचा कडा आणि कात्राबाईकडून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी रांग दिसते. जलाशयाचा खरा आकार, ते ओढ्यांत शिरलेले हात, इथूनच कळतात. खालून कधीच कळत नाहीत.

गडावर दोन तास पुरतात. पाण्याची टाकी, कोकण दरवाजा, राणीचा हुडा हे बघत हनुमान आणि गणेश दरवाजाकडे यायचे. रत्नादेवीची गुहा आणि तिच्याजवळची मोठी गुहा गणेश दरवाजाच्या वरच्या अंगाला आहेत. गडावर माकडे आहेत. जेवणाचे डबे उघडून ठेवून फोटो काढायला जाऊ नका आणि प्लास्टिकची पिशवी हातात लटकवू नका. पिशवी दिसली की ती तुमच्याकडेच येतात. शिडीजवळ असे झाले तर धोक्याचे आहे.

एक वाजता गणेश दरवाजात. दीडनंतर वर थांबायचे नाही.

शिड्या उतरताना :

एका शिडीवर एका वेळी एकच जण. वरचा माणूस खालच्याने शिडी सोडून बाजूला झाल्याशिवाय पाय टाकणार नाही. खालचा माणूस शिडीच्या थेट खाली उभा राहणार नाही, कारण वरून दगड आणि पाण्याच्या बाटल्या येतात. तोंड कातळाकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात नेहमी टेकलेले. पिशवीच्या बाहेर आडवी बांधलेली चटई आणि बाजूला लटकवलेली काठी कठड्यात अडकते. शिडीआधी ती आत घाला किंवा उभी बांधा. हातमोजे काढा. सूत किंवा लोकर लोखंडावर घसरते. पायरीवर बुटाचा चवडा नव्हे, तळव्याचा मधला भाग टेकवा. एखादी पायरी वाकलेली किंवा हलणारी असते. ती लागली की पाय पायरीच्या मधोमध न टाकता कडेला, जोडाजवळ टाका. तिथे ती सगळ्यात कमी लवते. सहा जणांना सगळ्या शिड्या मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. रविवारी खालून चढणाऱ्यांची रांग असली तर दीड तासही. म्हणून गड शनिवारी घ्यावा असे म्हणेन, आणि शनिवारीही एकच्या सुमारासच शिड्यांवर यावे. चढणारे बहुतेक तोवर वर पोचलेले असतात.

शिड्या संपल्या की जंगल. एक चूक इथे दरवर्षी होते. उतरताना वाट एका चौकासारख्या मोकळ्या जागेत येते. रतनवाडी डावीकडे. उजवीकडची वाटही तेवढीच रुंद आणि मळलेली आहे, पण ती कात्राबाई खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते. दमलेला माणूस सरळ आणि मोठ्या वाटेने चालत राहतो, आणि अर्ध्या तासाने चढ सुरू झाल्यावर लक्षात येते. चढ लागला की चुकलात, हे साधे सूत्र. रतनवाडीच्या वाटेवर प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. ओढा लागत नसेल तरी चुकलात.

चारपर्यंत रतनवाडी. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, पण गडाच्या सावलीतल्या जंगलात पाचलाच अंधारू लागते.

पाणवठा

गडवाट यांनी दिशा बरोबर सांगितली. मी सांदण आणि पाण्याबद्दल भर घालतो.

सांदणीचे तोंड साम्रद गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. कातळातली ही प्रचंड भेग. दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे फुटांच्या वर आणि काही जागी रुंदी इतकी कमी, की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील. दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. तोंडातून आत जाऊन पहिल्या मोठ्या कड्यापर्यंत पोचून परत येणे हा एक कार्यक्रम. कडे दोराने उतरून खाली जाणे हा पूर्ण वेगळा. पहिलाच कडा चाळीस-पंचेचाळीस फुटांचा आहे. एकदा उतरलात की वर येता येत नाही. मग पुढचे कडे उतरून खालच्या दरीत जायचे आणि डेहणे गावाकडे निघायचे किंवा करोली घाटाने चढून पुन्हा साम्रदला यायचे. त्याला हार्नेस, हेल्मेट, उतरण्याची साधने, दोर बांधणारा जाणकार आणि एक पूर्ण दिवस, बहुतेक वेळा एक रात्रही लागते. तुमच्या गटाने पहिलाच कार्यक्रम करावा. घरातला दोर घेऊन "थोडे खाली उतरून बघू" हे तिथे अजिबात नको.

पहिल्या कड्यापर्यंत जायला सव्वा तास, यायला तेवढाच. अंतर थोडे आहे, पण वाट अशी नाहीच. ओट्याएवढ्या, खोलीएवढ्या दगडांवरून चढ-उतार करत जायचे. वाटेत दोन डोह. डिसेंबरात पहिल्यात गुडघा-मांडीपर्यंत आणि दुसऱ्यात कमरेपर्यंत पाणी असू शकते. पाऊस लांबलेल्या वर्षी त्याहून जास्त. ऊन तळापर्यंत जेमतेम पोचते, त्यामुळे पाणी थंडगार. डोहात बूट काढून उतरू नका. तळाशी धारदार दगड आहेत आणि त्यांवर शेवाळ, अनवाणी पाय कापतो आणि घसरतोही. बूट-मोजे घालूनच जा, बाहेर आल्यावर मोजे पिळा, आणि गडासाठी कोरड्या मोज्यांचा वेगळा जोड मुक्कामावर ठेवा. ओल्या मोज्यांनी दुसऱ्या दिवशी रतनगड केलात तर शिड्यांपर्यंत पोचायच्या आत फोड येतील. फोन आणि गाडीची किल्ली दोन पिशव्यांत गुंडाळून छातीच्या उंचीवर.

काकांनी दुसऱ्या डोहापाशी थांबले तरी चालेल. सांदणीतले सगळ्यात सुंदर अरुंद टप्पे तोपर्यंत बघून झालेले असतात. पण एकट्याला थांबवू नका, सोबत एक जण हवा.

धोका वरून येतो. भिंतींच्या कडेवर माणसे, माकडे, गुरे फिरतात आणि बारीक दगड खाली येतात. दोनशे फुटांवरून आलेला लिंबाएवढा दगडही डोके फोडतो. हेल्मेट मिळाले तर घ्या. नसेल तर निदान जिथे तळाशी ताजे, कोरडे, तुटलेल्या कडांचे दगड दिसतात तिथे थांबू नका, जेवायला तर बसूच नका. दुसरा धोका पाण्याचा. भेग म्हणजे वरच्या पठाराचा नाला. जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत आणि मेमधल्या वळवाच्या दिवसांत आत शिरू नये. डिसेंबरातही अवेळी पाऊस येतो. रतनगडाच्या माथ्यावर काळे ढग बसलेले दिसले किंवा डोहातले पाणी अचानक गढूळ झाले, तर विचार न करता तोंडाकडे परत फिरा.

पाण्याचा हिशेब : सांदणीला माणशी दीड लिटर पुरते, सगळा वेळ सावली आहे. रतनगडाला माणशी तीन लिटर. साम्रद सोडल्यावर टाक्यांपर्यंत वाटेत भरवशाचे पाणी नाही. टाक्यांत डिसेंबरात पाणी असते, पण माकडे आणि पाखरे तेच पितात. फडक्यातून गाळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा गुण येत नाही, म्हणून आधी गाळणे. टाक्यात बाटली बुडवू नका, भांड्याने काढा. आणि पाय धुणे, भांडी विसळणे टाक्यापासून लांब. पुढे उन्हाळ्यात येणाऱ्यांना तेच पाणी लागणार असते.

वाटसरू_सहा

फार उपयोगी. म्हणजे काठाची फेरी रद्द. असा आराखडा केला आहे : शुक्रवारी पहाटे पाचला पुणे सोडायचे, अकराच्या आत साम्रद, जेवण, दीड ते साडेचार सांदण, साम्रदला मुक्काम. शनिवारी त्र्यंबक दरवाजाने रतनगड, रतनवाडीला उतरून तिथे मुक्काम. रविवारी पहाटे उठून कळसूबाई आणि दुपारी पुण्याकडे. गाडीचे काय करावे? ती साम्रदला राहील आणि आम्ही रतनवाडीत. तंबूचेही सांगा.

कातळमाथा

गाडी नेहमी शेवटाला ठेवायची, सुरुवातीला नाही. शुक्रवारी शेंडीहून रतनवाडीला या, अमृतेश्वर मंदिराजवळ गावात विचारून गाडी लावा आणि तिथून गावातल्या जीपने साम्रदला जा. शनिवारी गड उतरून आलात की गाडी समोर. उलट केले तर दमलेल्या पायांनी संध्याकाळी साम्रदचा रस्ता धरावा लागेल, किंवा अंधारात जीप शोधावी लागेल. जीपचे आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवा, आणि पुण्याहून पाचऐवजी साडेचारला निघा. वाटेत चहा-नाश्ता धरला की अकराचे साडेबारा होतात आणि सांदणीतून परतायला उशीर होतो. सांदणीत साडेतीन वाजता असाल तिथून मागे फिरायचे, कडा दिसो वा न दिसो.

तंबू नेऊ नका. गडाच्या दिवशी पाठीवर तंबूचे ओझे घेऊन त्र्यंबकच्या पायऱ्या आणि शिड्या करायच्या म्हणजे वरचे सगळे सल्ले वाया. दोन्ही गावांत घरगुती मुक्काम मिळतो. जेवणात नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, भात. रात्री पारा दहाच्या खाली जातो. गरम कपडे आणि कानटोपी हवीच. पुढेमागे तंबू लावायचाच झाला, तर पाण्याच्या अगदी कडेला लावू नका. जलाशयावरचे धुके पहाटे सगळे कापड भिजवते. घाटघरच्या धरणाच्या काठावर तर मुळीच नको. तिथे वीजनिर्मितीसाठी पाणी खाली सोडतात आणि पुन्हा वर उपसतात, त्यामुळे पातळी एका दिवसातच खाली-वर होते. वाळलेल्या गवताजवळ शेकोटी नको. हे सगळे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे क्षेत्र आहे आणि डिसेंबरपासून वणव्याचा काळ सुरू होतो. नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि जपून ठेवा. गडावर रात्री राहायचा विचार असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय नको.

गडवाट

कळसूबाई रविवारी करू नका. उंची १६४६ मीटर, बारी गावातून चढ सुमारे ९०० मीटरचा, आणि उतारही तितकाच. चढायला तीन-साडेतीन तास, उतरायला अडीच-तीन. शनिवारी रतनगड केलेल्या गुडघ्याला हा उतार सोसणार नाही. रतनवाडीहून बारीला जायला तास-दीड तास मोडतो, म्हणजे कितीही पहाटे निघालात तरी पायथ्याला परतायला दुपार होते. मग पाच तास गाडी चालवायची ती पेंगत. चालक गडावर गेलेल्यांपैकीच असणार, हे विसरू नका. रविवारी सकाळी तिथल्या शिड्यांपाशी गर्दीही मोठी असते. कळसूबाई हा स्वतंत्र एका दिवसाचा डोंगर आहे, बारीला आदल्या रात्री मुक्काम करून भल्या पहाटे निघावे.

त्याऐवजी रविवारी फेरी पूर्ण करा. सकाळी अमृतेश्वर मंदिर निवांत बघा. शिलाहारकालीन, भूमिज धाटणीचे शिखर, आणि बाहेरची पुष्करिणी बघायला विसरू नका. तिच्या भिंतींतल्या देवकोष्ठांतल्या, म्हणजे कोनाड्यांतल्या, मूर्ती सकाळच्या तिरप्या उजेडात फार छान दिसतात. मग गाडीने साम्रदवरून घाटघरचा कोकणकडा. तिथे कठड्याच्या बाहेर जाऊ नका. कड्यावरचे गवत डिसेंबरात वाळून कातळावर चटईसारखे पडते आणि पाय त्यासकट सरकतो. तिथून उडदावणे, पांजरे, मुरशेत करत शेंडी. म्हणजे जलाशयाला गाडीने का होईना, पूर्ण वळसा झाला. एकपर्यंत शेंडीत जेवण, वाटेत रंधा धबधबा बघायला अर्धा तास. डिसेंबरात त्याचे पाणी धरणातून किती सोडले आहे त्यावर असते. धरणाखालच्या अंब्रेला फॉलचेही तसेच, मोरीतून पाणी सुटले असेल तरच तो दिसतो. त्या भरवशावर वेळ राखून ठेवू नका.

दोराबद्दल राहिले. सुक्या दिवसांत त्र्यंबकच्या पायऱ्यांना दोर लागत नाही. तरी नवख्या मुलीच्या धीरासाठी १५ मीटरचा, ८-९ मिलिमीटर जाडीचा दोर पिशवीत असावा. तो गंजलेल्या शिडीला किंवा सुट्या दगडाला बांधायचा नाही. वाटाड्या किंवा तुमच्यातला अनुभवी माणूस पक्की बैठक मारून धरेल तेवढ्यापुरताच. तिला मधे ठेवा. पहिला अनुभवी, मग ती, मग दुसरा अनुभवी, मग काका, शेवटी उरलेले दोघे.

रानजाई

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, आग्या मोहोळ. या भागातल्या कड्यांना मोहोळे लागतात, खुट्ट्याची खिंड आणि गडाचे कडे त्याला अपवाद नाहीत. धूर, अत्तर, उग्र वासाचा डिओ, आरडाओरडा आणि ड्रोन यांनी माश्या उठतात. गडाच्या दिवशी कोणीही अत्तर-डिओ लावू नये, खिंडीत विडी-सिगारेट पेटवू नये. उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका. डोके-तोंड उपरण्याने झाकून झाडीत, उताराच्या दिशेने निघा. मात्र पायऱ्यांवर किंवा शिडीवर असाल तर पळू नका, जागीच कातळाला चिकटून तोंड झाकून थांबा; तिथे पडण्याचा धोका डंखाहून मोठा आहे. काटा नखाने खरवडून काढा, चिमटीत धरून दाबू नका. कोणाला मधमाशीची ॲलर्जी आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या आणि त्याची औषधे वरच्या कप्प्यात ठेवा.

साप थंडीत फारसे दिसत नाहीत, पण सकाळी ऊन खायला कातळावर येतात. फुरसे दगडांच्या रंगात इतके मिसळते, की हात टाकण्याआधी बघावे. पायऱ्यांवर वरच्या पायरीला हात घालताना विशेष. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काही करू नका. हात किंवा पाय न हलवता माणसाला उचलून न्या. पहिले आरोग्य केंद्र शेंडीत, पुढे राजूर.

काजव्यांसाठी कोणी हा धागा वाचत असेल, तर ते मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस सुरू होईपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर. त्या दिवसांत गाडीचे दिवे आणि बॅटरी झाडांवर मारू नका. काजव्यांची लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते, प्रखर उजेडात ती विझते आणि त्या झाडाचा हंगाम वाया जातो. आणि झाडाखालच्या ओल्या गवतात पसरून बसू नये. माद्यांची अंडी तिथेच असतात.

वाटसरू_सहा

कळसूबाई वगळली. साडेचारला निघतो, गाडी रतनवाडीत, जीप आणि वाटाड्या आधी ठरवतो. एकच शंका : शनिवारी कोणाचा पाय मुरगळला तर अर्ध्यावरून मागे फिरायचे कुठून?

गडवाट

खिंडीच्या आधी मुरगळला तर साम्रदला परत. पायऱ्या चढून झाल्यावर मुरगळला तर त्र्यंबकने उतरू नका, गड ओलांडून शिड्यांकडेच या. सपाट माथ्यावर आधार देत चालवता येते, शिडीवर हातांच्या जोरावर उतरता येते, आणि खाली रतनवाडीची माणसे लवकर पोचतात. म्हणून निर्णय खिंडीत, नऊ वाजता घ्यायचा. तिथे बसून प्रत्येकाला विचारा, आणि काकांनी किंवा मुलीने जरा जरी का-कू केली तर वाटाड्यासोबत दोघांना खाली पाठवा. तो जीपने त्यांना रतनवाडीला सोडेल. वाटाड्या परत गेला तर पुढची वाट तुमची तुम्हाला करता आली पाहिजे, म्हणून त्र्यंबक दरवाजाकडे जाणाऱ्या पायऱ्या खिंडीतूनच त्याच्याकडून बोटाने दाखवून घ्या. क्रेप बँडेज दोन न्या, एक पुरत नाही.